मातीची पाळ : सांचीच्या टेकड्यांखालील विस्मृत वारसा

संयुत्तनिकायाच्या निदानवग्गात नगरसुत्त या नावाचे एक सुत्त आहे. अरण्यात भटकणाऱ्या एका माणसाला पूर्वीच्या लोकांच्या पायांखाली मळलेली जुनी वाट आढळते. त्या वाटेने पुढे जाता जाता तो एका प्राचीन नगरापाशी येऊन पोहोचतो. ते नगर ओस पडलेले असते. तो परत येऊन राजाला ही वार्ता सांगतो आणि ते नगर पुन्हा वसविण्याची विनंती करतो. राजा ते वसवितो व कालांतराने तेथे पुन्हा माणसांची गजबज होते. पूर्वीच्या सम्यक्संबुद्धांनी अनुसरलेला मार्ग आपणांस कसा गवसला, हे सांगण्यासाठी तथागतांनी हा दृष्टान्त योजिला आहे.

धम्माच्या अभ्यासकाचे लक्ष या सुत्तातील मार्गाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही दृष्टान्तातील नगराकडे पाहू इच्छितो. त्या नगराच्या वर्णनात आराम, वने आणि पुष्करिणी यांच्या जोडीने 'उद्दाप' हा शब्द येतो. अट्ठकथाकारांनी त्याचा अर्थ तटाचे अधिष्ठान, म्हणजे ज्यावर तट उभा राहतो ते जोते, असा केला आहे. हरवलेले नगर कशावरून ओळखावे, याचे उत्तर या वर्णनातच आहे. प्रासाद कोसळतात, लाकूड कुजते. मातीचा भराव, पाणी साठविण्याची जागा आणि लावलेल्या झाडांची राई एवढेच मागे उरते. प्राचीन समाजाचा सर्वांत टिकाऊ आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित अवशेष म्हणजे त्याने हलविलेली माती होय.

या दृष्टीने आम्ही वाचकांसमोर सांची परिसराचे उदाहरण ठेवीत आहोत. सांचीचा महास्तूप व त्याची तोरणे ठाऊक नाहीत असा आपल्यांत क्वचितच कोणी असेल. परंतु त्याच टेकड्यांच्या उतारांवर आणि त्यांच्यामधल्या दऱ्यांत बावीसशे वर्षांपूर्वीचे मातीचे बांध व जुन्या वस्त्यांची टेकाडे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हे अवशेष नांगराखाली आणि झाडीखाली हळूहळू नाहीसे होत आहेत.

माथ्यावरचा दगड

सांचीचा आधुनिक शोध दगडापासून सुरू झाला. १८१८ साली जनरल टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने येथील स्तूप पाहिले. १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन याने महास्तूप एका बाजूने फोडला आणि त्याची मोठी हानी केली. १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम व मेसी यांनी सांची, सोनारी, सातधारा, भोजपूर आणि अंधेर या पाच ठिकाणचे स्तूप उघडले. त्यांचा वृत्तान्त १८५४ मध्ये 'भिलसा टोप्स' या ग्रंथाने जगापुढे आला. सांचीच्या तिसऱ्या स्तूपात आणि सातधाऱ्याच्या दुसऱ्या स्तूपात सारिपुत्त व महामोग्गल्लान या अग्रश्रावकांची नावे कोरलेले करंडक मिळाले. इंग्लंडला नेलेल्या त्या पवित्र धातू पुढे भारतात परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी टेकडीवरील वास्तूंचे उत्खनन व जतन केले. १९८९ मध्ये युनेस्कोने सांचीच्या बौद्ध स्मारकांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

हा सारा इतिहास टेकडीच्या माथ्याचा आहे. दगडी वास्तूही शेतीच्या गरजेतून सुटली नाही, याची आठवण येथे करणे अगत्याचे आहे. संघभेद करणाऱ्यांना इशारा देणारी राजाज्ञा ज्या अशोकस्तंभावर कोरली आहे, तो स्तंभ एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला होता. परंतु दगड फोडला तरी तुकडे राहतात, त्यांवरची अक्षरे जुळविता येतात, आणि फोडणाराची कथाही नोंदली जाते. मातीचे तसे नाही. बांध सपाट झाला की त्याची कथा सांगायला तुकडादेखील उरत नाही.

स्तूपांवरील शेकडो लेखांत दानकर्त्यांची नावे आहेत. भिक्खू, भिक्खुणी, गृहपती, व्यापारी आणि सामान्य उपासिका त्यांत आढळतात. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांचा लेख आहे. या लोकांच्या दानाने दगड घडला, हे आपण जाणतो. पण या दानामागची सुबत्ता कोठून आली? टेकड्यांवर राहणारा भिक्खुसंघ पिंडपातासाठी खाली उतरत असे, तो कोणत्या गावांत? त्या गावांचे धान्य कोणत्या पाण्यावर पिकत असे? हे प्रश्न विचारले की दृष्टी आपोआप माथ्यावरून उताराकडे वळते.

उतारावरची माती

या प्रश्नांचा शिस्तबद्ध पाठपुरावा ज्युलिया शॉ या विदुषीने केला. १९९८ पासून त्यांनी सांचीभोवतीचा सुमारे ७५० चौरस किलोमीटरांचा प्रदेश पायी फिरून तपासला. त्यांचा ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला. या पाहणीत टेकड्यांवरील पस्तीसच्या आसपास बौद्ध स्थळे, शंभरावर जुन्या वस्त्या आणि सोळा-सतरा प्राचीन जलबांधांची नोंद झाली. सांची आणि नागौरी या शेजारच्या टेकड्यांमधला बांध त्यांपैकी एक आहे. नागौरीच्या टेकडीवर प्राचीन नागमूर्ती आहे. नाग हा पाण्याचा रक्षक मानला जाई, हे लक्षात घेता त्या जोडीला अर्थ आहे.

हे बांध दोन टेकड्यांमधली दरी अडवून घातलेले आहेत. गाभा मातीचा आणि त्याला दगडी चिऱ्यांचे अस्तर, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. उंची सुमारे एक ते सहा मीटर; लांबी कोठे शंभर मीटरांच्याही आत, तर कोठे हजार मीटरांहून अधिक. काही ठिकाणी जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवाही आढळतो. जलशास्त्रज्ञ सटक्लिफ यांनी शॉ यांच्यासह या तलावांची धारणक्षमता आणि त्यांच्या पाणलोटातून येणारे पाणी यांची तुलना केली. दोहोंचा मेळ बसतो असे त्यांना दिसून आले. म्हणजे हे बांध केवळ अंदाजाने टाकलेले ढिगारे नव्हेत. दरीत पाऊस किती येतो याची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण त्यांत उतरली आहे.

त्यांचा काळ ठरविण्यासाठी गाळाच्या थरांची प्रकाशदीप्तिमापन पद्धतीने चाचणी घेण्यात आली. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे या पद्धतीने काढता येते. त्यावरून, तसेच खापरांवरून व परिसराच्या एकंदर इतिहासावरून, यांतील आरंभीचे बांध इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन शतकांतील असावेत असे मानले जाते. टेकड्यांवर स्तूप व विहार वाढत होते, त्याच काळात खाली पाणी अडविले जात होते.

आज या भागात मुख्यतः गहू आणि कडधान्ये पिकतात. काळी जमीन ओल धरून ठेवीत असल्यामुळे त्या पिकांना एवढ्या साठ्याची गरज नसते. म्हणून हे पाणी भातशेतीसाठी असावे, असा शॉ यांचा तर्क आहे. वाढत्या वस्तीला, जवळच्या विदिशा नगरीला आणि स्वतः न पिकविणाऱ्या भिक्खुसंघाला पुरेल एवढे धान्य निर्माण करण्याचा हा मार्ग होता. विदिशा नगरी बेतवा आणि बेस या नद्यांच्या बेचक्यात वसलेली होती, आणि तिलाही मातीच्या तटाचे संरक्षण होते. महावंसातील परंपरेप्रमाणे थेर महिंद लंकेस जाण्यापूर्वी याच वेदिसगिरीच्या विहारात आपल्या मातेला भेटण्यास आले होते. ज्या लंकेत ते गेले, तेथील प्राचीन ब्राह्मी लेखांत तलावांचे व त्यांच्या उत्पन्नाचे संघाला दिलेले दान नोंदलेले आहे. सांचीच्या बांधांवर असा एकही लेख नाही. म्हणून बांध संघाच्या मालकीचे होते असे म्हणता येणार नाही. विहार, गाव आणि तलाव ही एकाच व्यवस्थेची तीन अंगे होती, एवढे मात्र त्यांच्या परस्परसान्निध्यावरून दिसते.

पालि, पाळ आणि सेतू

पालि वाङ्मयाच्या वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. 'पालि' या शब्दाचा एक अर्थ ओळ, पंक्ती असा आहे, तसाच दुसरा अर्थ बांध असाही आहे. विदर्भात आजही आपण तलावाची 'पाळ' म्हणतो, तो हाच शब्द. महावग्गाच्या चीवरक्खंधकात एक प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे चारिका करीत असता भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. चौकोनी वाफे आणि त्यांच्यामधले उभे-आडवे बांध पाहून त्यांनी आनंदाला विचारले की, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील काय. आनंदाने तशी चीवरे शिवून दाखविली. त्या शेतांचे वर्णन करताना तेथे 'पालिबद्ध' हा शब्द येतो. ज्या चीवराला आपण वंदन करतो, त्यावर शेताच्या बांधांचा नकाशा शिवलेला आहे, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

संयुत्तनिकायाच्या सगाथवग्गात एक देवता विचारते की, कोणाचे पुण्य दिवसरात्र वाढत जाते. त्याच्या उत्तरात बागा व वने लावणारे, सेतू बांधणारे, पाणपोया व विहिरी करणारे आणि निवारा देणारे यांचा उल्लेख आहे. 'सेतू' म्हणजे पूल हा अर्थ आज रूढ असला तरी प्राचीन काळी पाणी अडविणारा बांध हाही त्याचा अर्थ होता. जुनागढच्या सुदर्शन तलावाविषयी महाक्षत्रप रुद्रदामन्‌ याचा इ.स. १५० च्या सुमाराचा लेख आहे, त्यात धरणाला सेतूच म्हटले आहे. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने बांधला, अशोकाच्या काळी तुषास्फ याने त्याला कालवे जोडले, अतिवृष्टीने तो फुटला आणि सुविशाख या अमात्याने तो पुन्हा बांधला. सुदर्शनला असा बोलका शिलालेख लाभला. सांचीचे बांध त्याच जातीचे, पण मुके आहेत.

ते मुके का राहिले, याचाही विचार करावयास हवा. विनयातील पाचित्तिय नियमांप्रमाणे भिक्खूने स्वतः जमीन खणणे वा खणावयास लावणे निषिद्ध आहे, आणि त्यापुढच्याच नियमाने वनस्पतींचा नाश वर्ज्य आहे. तेव्हा बांधांची माती भिक्खूंनी वाहिलेली नाही. ती वाहिली गावातील कष्टकऱ्यांनी. महावग्गात पिलिंदवच्छ थेरांची कथा आहे. बिंबिसार राजाने त्यांना पाचशे आरामिक दिले आणि त्यांचे एक गावच वसले. विहाराच्या डागडुजीचे काम करणाऱ्या या माणसांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले, आणि माती वाहणाऱ्याची खूण मातीतच राहिली. ज्यांचा इतिहास लिहिला गेला नाही अशा लोकांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाने तरी ही खूण ओळखली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पाण्याचा बांध हा आपल्या धम्मकथेच्या केंद्रस्थानीही आहे. कुणाल जातकाच्या प्रस्तावनेत रोहिणी नदीवरील एकाच बांधाच्या पाण्यावर शाक्य आणि कोलीय या दोघांची शेती होत असल्याचे सांगितले आहे. जेठमहिन्यात पिके सुकू लागली तेव्हा प्रथम भांडण जुंपले ते दोन्हीकडच्या शेतमजुरांत. पुढे ते राजकुलांपर्यंत पोहोचले आणि युद्धाची तयारी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचाच तंटा मांडला आहे. वृद्ध, रोगी आणि मृत यांच्या दर्शनाची रूढ कथा त्यांना पटण्यासारखी वाटली नाही. पाण्याची वाटणी हा ज्या धम्माच्या इतिहासात इतका मोलाचा प्रश्न आहे, त्याच्या अनुयायांनी प्राचीन पाळीकडे केवळ मातीचा ढीग म्हणून पाहणे शोभत नाही.

नांगर आणि रोप

हे अवशेष कसे नष्ट होतात? तलाव फुटला की त्याच्या तळाची गाळाची जमीन उघडी पडते. ती अत्यंत सुपीक असते. तेथे शेती होणे स्वाभाविक आहे. सांची परिसरातील अनेक प्राचीन तलावांचे तळ आज शेते झालेली आहेत. शेत झाले की बांध आडवा येतो. वाट काढण्यासाठी तो एका जागी कापला जातो, अस्तराचे चिरे घरासाठी किंवा कुंपणासाठी उचलले जातात, आणि चिरे गेल्यावर गाभ्याची माती दर पावसाळ्यात ओघळते. जे उरते त्याच्या कडेवर नांगर चढतो. दरवर्षी थोडी माती वरून खाली सरकते. एका पिढीला फरक जाणवत नाही, पण तीन पिढ्यांनंतर बांधाच्या जागी शेतातला एक पुसट उंचवटा राहतो.

वस्त्यांची गत याहून वाईट. आपल्याकडे शेतकरी जमिनीची 'काळी' आणि 'पांढरी' अशी विभागणी करतो. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, हाडे व पडक्या भिंती मुरून पांढरीची माती तयार होते. ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि आपली कित्येक पांढरीची टेकाडे अशीच खचली आहेत. टेकडीच्या उतारावरील वस्तीचा थर तर मुळातच पातळ असतो. तेथे एकदा खोल नांगरट झाली की चूल, जमीन, खांबाचा खळगा हे सारे एकमेकांत मिसळते. खापर हाती लागते, पण ते कोणाच्या घरातले हे सांगता येत नाही. वर सांगितलेल्या प्रकाशदीप्तिमापनाचेही तेच. नांगराने कण उन्हात आणला की त्यातली कालनोंद पुसली जाते.

कायदा येथे काय म्हणतो, ते पाहू. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्यात केवळ इमारतीच नव्हे तर मातीचे उंचवटे आणि अवशेष असण्याचा संभव असलेले क्षेत्रही येते. तेव्हा व्याख्येत उणीव नाही. संरक्षित क्षेत्रात खोदकामास बंदी आहे. पण जमीन एक फुटापेक्षा खोल खणली जाणार नसेल तर शेतीला मुभा आहे. हा नियम झाला तेव्हा नांगर बैलांचा होता आणि लाकडी फाळ काही बोटेच आत जाई. ट्रॅक्टरचा पलटी नांगर ती मर्यादा सहज गाठतो. शिवाय हा नियमही संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रापुरताच. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांचा प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटरांचा नियंत्रित पट्टा आला, तोही बांधकामांसाठी. जो बांध यादीतच नाही, त्याला यांतले काहीच लागू होत नाही.

दुसरे संकट वनांचे. सातधाऱ्याचे स्तूप दीर्घकाळ झाडीत बुडालेले होते. १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे मोठे काम केले, तेव्हा कनिंगहॅमला दिसले होते त्याहून कितीतरी अधिक स्तूप उजेडात आले. झाडीने त्यांना लपविले म्हणून काही अंशी वाचविले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच झाडांची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून ते उकलतात. नवे रोपवन याहून घातक. उतारावर रोपे लावताना दीड-दोन फुटांचे खड्डे ओळीने घेतले जातात, आणि पाणी मुरविण्यासाठी समतल रेषेवर सलग चर खणले जातात. पडीक उताराला हे उपकारक आहे. परंतु जुनी वस्तीही त्याच समतल रेषेवर, त्याच उतारावर वसलेली असते. चर तिच्या आरपार जातो. नंतर सागाची मुळे उरलेले थर भेदतात. वन लावणाऱ्याचे पुण्य वाढते असे सगाथवग्ग सांगतो, आणि त्यात आम्हांस शंका नाही. खड्डा घेण्यापूर्वी जागा पाहून घेतली तर त्या पुण्याला बाध येणार नाही.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. शेतकरी हा या कथेतील अपराधी नव्हे. चार-दोन एकरांवर गुजराण करणाऱ्या माणसाला गाळाची जमीन पडीक ठेव असे सांगणे अन्यायाचे होईल. बहुधा त्याला आपल्या शेतातल्या उंचवट्याचा अर्थ कोणी सांगितलेलाच नसतो. वनरक्षकाच्या नकाशातही तो उंचवटा नसतो. अपराध आहे तो न सांगण्याचा आणि न नोंदण्याचा. याच खोऱ्यात विसाव्या शतकात हलाली नदीवर मोठे धरण झाले आणि त्याला सम्राट अशोक सागर हे नाव दिले गेले. नव्या धरणाला अशोकाचे नाव मिळाले. त्या काळापासूनच्या बांधांना मात्र सरकारी दप्तरात नावही नाही.

आपल्या दारातली माती

हा प्रश्न केवळ मध्य प्रदेशचा नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन स्तूप निघाला, आणि त्याच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लेख मिळाले. पवनीचा स्तूप आपल्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. पण जमिनीकडच्या बाजूंनी खंदक आणि मातीचा प्रचंड तट, उरलेल्या बाजूस वैनगंगा, अशी त्या नगराची रचना होती, हे किती जणांनी फिरून पाहिले आहे? त्या तटाशिवाय नगर नाही आणि नगराशिवाय स्तूप नाही. त्याच जिल्ह्यातले मालगुजारी तलाव मातीच्या पाळीवरच शतकानुशतके टिकले, कारण गाव दरवर्षी पाळ दुरुस्त करीत असे. माती दुर्बल नसते; तिच्याकडे पाहणारे कोणी नसले म्हणजे ती दुर्बल होते.

आमच्या समाजातील एका प्रवृत्तीचाही येथे उल्लेख करणे भाग आहे. टेकाडावर विटा दिसल्या की श्रद्धेच्या भरात ते सपाट करून मूर्ती बसविण्याची आणि सभामंडप उभारण्याची घाई होते. हेतू पवित्र असतो, परंतु यंत्राच्या एका दिवसाच्या कामाने दोन हजार वर्षांचे थर जातात. जे नांगराने शंभर वर्षांत केले नसते, ते श्रद्धा एका सकाळी करू शकते. अवशेषाला हात न लावणे हीही पूजाच होय.

आम्ही वाचकांकडे मागतो ते थोडे आहे. सांचीस गेल्यावर तोरणांना वंदन करून टेकडीच्या कडेला उभे राहावे आणि खालच्या शेतांत दोन टेकड्यांना जोडणारी मातीची रेघ कोठे दिसते ते पाहावे. आपापल्या गावी लेण्यांच्या पायथ्याशी, जुन्या तलावांपाशी, पांढरीच्या टेकाडांवर जावे. त्यांची लांबी, उंची, गट क्रमांक, शेतकऱ्याचे आणि वृद्धांचे सांगणे वहीत टिपून घ्यावे, छायाचित्र काढावे, पण खणू नये आणि खापर वा वीट घरी आणू नये. अशी नोंद पुरातत्त्व खात्याला, वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी द्यावी. रोपवनाचा आराखडा होण्यापूर्वी ती पोहोचली तर चराची रेषा दहा हात बाजूला सरकविणे अवघड नसते. शेतकऱ्यालाही त्याच्या शेतातल्या पाळीचा इतिहास समजावून सांगावा. ज्याला अर्थ कळला तो माणूस सहसा नांगर वळवून नेतो.

नगरसुत्तातील त्या माणसाने नगर वसविले नाही. ती त्याची शक्ती नव्हती. त्याने जुनी वाट ओळखली, ती शेवटपर्यंत चालून पाहिली, आणि परत येऊन जे पाहिले ते सांगितले. आपल्या पिढीकडून अपेक्षा आहे ती एवढीच. पाळ ओळखता येते तोवर तिची नोंद करून ठेवावी. ती सपाट झाल्यावर तेथे एके काळी काय होते हे सांगणारा कोणताही शिलालेख मिळणार नाही.